दोन डाव्या बाह्या

बाई, गेले चार दिवस मी पांढऱ्या कॉलरी शिवते आहे. बारा कॉलरी आणि बारा टोप्या. लेकीच्या शाळेत गॅदरिंगला नाटक आहे, तिच्या टीचरनी स्वतः लिहिलेलं. सातासमुद्रापलीकडचं, तीनेकशे वर्षांपूर्वीचं एक गाव. काळे कपडे घालणारी, उठता-बसता देवाचं नाव घेणारी, मोठ्यानं हसलं तरी पाप लागतं असं मानणारी माणसं. त्या गावातल्या पोरी एके दिवशी थरथरायला, किंचाळायला लागतात आणि मग एकेका बाईकडे बोट दाखवतात, ही चेटकीण, ती चेटकीण. माझी लेक त्यातली पहिली बोट दाखवणारी. 'मेन रोल, ममा!' असं तिनं लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधीच ओरडून सांगितलं. शाळा कपडे भाड्यानं आणणार होती, पण पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी माझं नाव सुचवलं, हिच्या आईला शिवण फार छान येतं म्हणून. येतं खरं. कुणी शिकवलं ते कुणी विचारलं नाही, आणि मीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्हाला आज इथे आणून उभं केलं तर तुम्ही काही ओळखायच्या नाहीत. वारज्याकडून येणारा तो कच्चा रस्ता आता एवढा रुंद झालाय की ओलांडायला दहा मिनिटं जीव मुठीत धरून उभं राहावं लागतं. तुमच्या दोन खोल्या होत्या तिथे मेडिकलचं दुकान आहे आणि त्याला लागून आमच्या पार्किंगचं तोंड. रस्त्याकडेची जागा काकांनी आणि वडिलांनी बिल्डरला दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातला एक वडिलांनी मला दिला. म्हणजे मी राहते कुठे, तर तुमच्या मशीनच्या बरोब्बर डोक्यावर, सातव्या मजल्यावर. खाली उतरले की पहिलं पाऊल पडतं ते तुमच्या ओट्याच्या जागी. दिवसातून चार वेळा पडतं. लग्नानंतर मी नवऱ्याला दोनदा म्हटलं, दुसरीकडे जाऊ या का राहायला. तो म्हणाला, 'का? इथे काय वाईट आहे?' आता काय वाईट आहे ते सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागेल, म्हणून मग इथेच आहोत.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा. दहावीची परीक्षा झालेली, सुट्टी लागलेली, आणि आईनं तुमच्या क्लासला घातलेलं. तुम्ही आमच्या भाडेकरू. तुमचे यजमान बसवर कंडक्टर होते, ते गेले आणि तुम्ही मशीनवर बसलात, एवढंच आम्हाला माहीत. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याखाली मशीन, मशीनशेजारी सतरंजी, सतरंजीवर आम्ही सहाजणी. गावातल्या झाडून सगळ्या बायका ब्लाउज तुमच्याकडे टाकायच्या, पण तुमच्याकडचं पाणी मात्र कुणी प्यायचं नाही. काकू तर उंबऱ्याबाहेर उभी राहूनच कापड द्यायची. तुमच्या हातचा ब्लाउज अंगाला चालायचा, पेला ओठाला चालायचा नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, खरं सांगते. ते तसंच असतं असं वाटायचं.

आणि तुमची जीभ! बाप रे. 'हा काज आहे की उंदरानं कुरतडलंय?' 'टाका घालतेस की रताळी पेरतेस?' एवढं बोलून तुम्ही चष्मा नसलेले डोळे बारीक करून परत आपल्या कामात. आम्ही हिरमुसायचो आणि मुकाट उसवायला बसायचो. पण मला तुम्ही आवडायचात. सगळ्यांत आधी माझे टाके सरळ आले आणि त्या दिवशी तुम्ही कपाटातून एक छोटी कात्री काढून माझ्यासमोर धरलीत. मी म्हटलं, खाली ठेवा ना बाई, हातात दिली तर भांडण होतं. आमच्याकडे कात्री, मिरची, मीठ कुणी हातात देत नाही. तुम्ही माझं मनगट धरलंत, तळवा उघडलात आणि कात्री त्यावर ठेवलीत. 'घे. भांडण माणसं करतात, कात्री नाही.' मग बघत राहिलात, मी मूठ मिटते का. मी मिटली. घरी जाताना मला वाटत होतं, गावात एवढी धीट मुलगी दुसरी नसेल.

तुमचा तो पत्र्याचा डबाही माझ्याच ताब्यात होता. तुमची कामाची पद्धतच होती ती. आलेल्या प्रत्येक कापडाचं बोटभर कात्रण काढायचं, त्याला मापाची चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर नाव घालायचं, आणि सगळं मिळून एक टाचणी. स्वारगेटला उतरून पेठेत दोरा, अस्तर आणायला जाताना डबाच पिशवीत घालायचा, की रंग जुळवता येतो. तुम्हाला कमी दिसायला लागलं होतं आणि चष्म्याचं तुम्ही पुढे ढकलत होतात. म्हणून चिठ्ठ्या मी लिहायचे. 'तुझं अक्षर बरंय, शिंप्याच्या दुकानात शोभेल,' असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं. मी अगदी वळणदार, पाटीवर गिरवल्यासारखी नावं काढायचे. काकूचं, आईचं, चुलतबहिणीचं, क्लासातल्या सगळ्या मुलींचं, माझं स्वतःचं. शे-सव्वाशे चिठ्ठ्या तरी असतील.

चुलतबहिणीच्या लग्नाला नऊ दिवस राहिले होते. तिच्या शालूतलं ब्लाउजचं कापड तुमच्याकडे आलं होतं, गच्च जरीचं. तुम्ही अस्तर आणायला निघालात आणि मला म्हणालात, 'फक्त खुणा करून ठेव. कात्री लावू नकोस.' तुम्ही गेलात, खडूनं खुणा झाल्या, आणि कात्री हाताशी होती. बाकीच्या पाचजणी बघत होत्या. मला दाखवायचं होतं, दुसरं काय. पाठ कापली, पुढचे भाग कापले, सगळं बरोबर. बाह्या कापताना मात्र कापड घडी न घालता एकेरी पसरलं. एक बाही कापली, मापाचा कागद उचलला, न उलटता तसाच्या तसा शेजारी ठेवला आणि दुसरी कापली. तुम्ही आलात. दोन्ही बाह्या उचलून एकमेकींवर ठेवल्यात आणि त्या जुळेनात. जरीचं कापड, उलटं-सुलटं वेगळं, फिरवून काही उपयोग नाही. आणि कापड तर दुसरं नाहीच, शालूतलंच ते.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर फार बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, 'दोन्ही बाह्या डाव्या. नवरीला उजवा हात नाही वाटतं.' मुली फिदीफिदी हसल्या आणि मला रडू फुटलं. मग तुम्ही त्यांना घरी पाठवलंत, माझ्यासमोर बसलात आणि मला विचारलंत, 'कापलं कुणी?' मी म्हटलं, मी. 'मग घरी तोंड कुणी उघडायचं?' मी म्हटलं, मी. 'हं. बाह्यांचं काय करायचं ते मी बघते. सांगायचं काम तुझं. मी येऊ का बरोबर?' मी मान हलवून नको म्हटलं. 'मग आजच सांग. उद्यावर टाकलंस की वाढतं ते.' बाई, तुम्ही येऊ का विचारलंत ना, तेव्हा हो म्हणायला हवं होतं. ते एक उत्तर मी हजार वेळा बदलून बघितलंय.

घरी अंगणात बायका कुरडया घालत होत्या. ऊन नुसतं रणरणत होतं, चुलीवर चीक रटरटत होता, दहा-बारा बायका होत्या, आणि मधोमध काकू सोऱ्या घेऊन. मी फाटकातून आत आले आणि तिनं वर न बघताच विचारलं, 'काय गं, झाला का ब्लाउज? पोरीला घालून बघायचाय आज.' मी तोंड उघडलं. सगळ्या बघायला लागल्या. काकू हात पुसत उठली, तिचा हात मला माहीत होता. आणि मी पडले. चक्कर आली नव्हती, बाई. मी बघून पडले, चिकाच्या पातेल्यापासून लांब, चादर अंथरली होती तिकडे.

मग काय, धावाधाव. कुणी पाणी मारतंय, कुणी कांदा हुंगायला देतंय. मी डोळे मिटून ऐकते आहे. 'पोरगी पार पांढरीफटक पडलीया.' 'सकाळपासनं कुठं हुती?' 'त्या शिवणवालीकडं.' मग एकजण हळूच, 'काय खायला-बियला दिलं का गं तिनं?' काकू माझ्या कानाशी येते, आणि तिचा आवाज मऊ झालाय, लोण्यासारखा, आयुष्यात पहिल्यांदा. 'सांग बाळा, काय केलं तिनं तुला?' त्या मऊ आवाजात मला वाट दिसली. ब्लाउज विसरलेच होते सगळे. मी म्हणाले, 'माझं नाव टाचून ठेवलंय तिनं. डब्यात.' शब्दन् शब्द खरा होता त्यातला. टाचलं मी होतं, एवढंच गाळलं. तुमच्याबद्दल बोलताना 'त्यांनी' सोडून 'तिनं' म्हणाले तेही पहिल्यांदाच, आणि किती सहज म्हणाले.

मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत मिटेल. दृष्ट काढतील, मीठ-मोहऱ्या उतरवतील, दोन दिवस कौतुक होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासातली एक नळावर हंड्यासकट कोसळली. दुपारी दुसरीची वाचा गेली, नुसते डोळे फिरवायची. तिसरी रडायची थांबेना. मला नाटक कळतं, मी स्वतः करत होते. त्यांचं नाटक नव्हतं. त्या खरोखर पडत होत्या, कारण त्यांची नावंही डब्यात होती आणि आता ते त्यांना आठवलं होतं. मला मात्र माजघरात ठेवलं. खिडकी बंद, कडुलिंबाचे डहाळे, मिरच्यांची धुरी, अळणी जेवण. बाहेर पाळत. काही बोलायचं म्हटलं की कुणीतरी म्हणायचं, 'ही न्हाई बोलत, तिच्यातलं बोलतंय.' म्हणजे खरं बोलले असते तरी ते माझं धरलं नसतं कुणी. आई एकदाच एकटी आत आली, धुरानं खोकत. म्हणाली, 'माझ्याकडे बघ. तुला खरंच काही होतंय का?' मी म्हटलं, 'आई, मला भीती वाटते.' ते खरं होतं. तिनं मला जवळ घेतलं आणि पुढचं विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माझा उजवा हात उचलेना. बोटं आखडलेली, पेला धरवेना. मी कुणाला काही सांगितलंही नव्हतं, स्वतःशीच रडत होते. वाटलं, आता हे खरंच झालं, बाईंनीच केलं असणार. बघा, कुठवर गेले होते मी.

काकांना तुमच्या खोल्या रिकाम्या हव्या होत्या. तीन महिने सांगत होते, आणि तुम्ही म्हणत होतात, जागा मिळाली की जाते, रस्त्यावर मशीन मांडू का? एरवी काकांची श्रद्धा बेताचीच, देवळात चप्पल सांभाळायला उभे राहणारा माणूस. पण या वेळी त्यांनी गाडी पाठवून कात्रजच्या घाटापलीकडून देवऋषी आणला. त्यानं तांदूळ टाकले, माझ्या वाकड्या बोटांकडे बघितलं आणि सांगितलं, 'कापडात बांधलंय. लोखंडानं टोचलंय. लांब न्हाई, जवळच हाय.' एव्हाना टाचणीची गोष्ट अख्ख्या गावाला पाठ झाली होती. त्याला आणायला गेलेल्या ड्रायव्हरनंही सांगितली असणार. पण बायकांनी कसे हात जोडले म्हणून सांगू!

दुपारी बारा वाजता तुम्हाला देवळापुढे आणलं. मलाही आणलं, दोघींनी दंडाला धरून. तुमच्या गळ्यात टेप तसाच होता, कामावरून उठवलेलं. कुणीतरी डबा उपडा केला. सगळी कात्रणं फरशीवर, हिरवी, जांभळी, फुलाफुलांची, टाचण्या उन्हात चमकताहेत. बायका लांबूनच वाकून बघत होत्या आणि एकेक किंकाळी. 'अगं बया, हे तर माझ्या लुगड्याचं!' 'माझ्या नातीच्या फ्रॉकाचं हाय हे!' 'आपल्या समद्यांची मापं हायती हिच्याकडं.' आपल्या अंगाची मापं तुम्हाला माहीत आहेत याची त्या दिवशी सगळ्यांना एकदम शिसारी आली. आदल्या आठवड्यापर्यंत त्याच बायका तुमच्यापुढे हात वर करून उभ्या राहत होत्या आणि गळा जरा मोठा ठेवा म्हणत होत्या.

तुम्ही म्हणालात, 'दोऱ्याचा रंग जुळवायला ठेवते मी ही. कुठल्याही शिंप्याकडे जाऊन बघा.' काका म्हणाले, 'आणि नावं कशाला?' तुम्ही म्हणालात, 'नाव नसेल तर यांचा ब्लाउज त्यांना जाईल. शिरतील का त्या त्यात?' एरवी यावर हशा झाला असता. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तीन-चार हातांवर उभ्या होतात. तुमची नजर माझ्या तोंडावर होती, आणि एक वाक्य बोललं की संपत होतं सगळं. चिठ्ठ्या मी लिहिल्यात. टाचण्या मी टोचल्यात. ब्लाउज मी बिघडवला, म्हणून पडले. मी गप्प बसले.

मग त्यांनी तुम्हाला देवळाच्या पायरीवर नाक घासायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'ज्या देवळात मला आत घेत नाहीत, त्याच्या पायरीशी माझं काय काम?' त्याबरोबर पहिला हात पडला. कुणाचा ते मी बघितलंय, नाव लिहीत नाही, आता तो माणूसही नाही. केस धरून तुमचं कपाळ पायरीवर टेकवलं, टेकवलं कसलं, आपटलं. पोरांनी तुमचं मशीन ओढत आणून गटारात ढकललं. आणि डब्यातलं सगळं, खोलीतलं शिवून ठेवलेलं सगळं, एकावर एक टाकून पेटवलं. त्यात शालूचा ब्लाउज होता, बाई. पूर्ण झालेला. वाऱ्यानं उलगडला आणि मला दिसला. एक बाही डावी, एक उजवी. काखेत नखाएवढे जोड लावून, जरीची रेघ जुळवून, तुम्ही उजवी बाही उभी केली होती. तुमचे ते डोळे घेऊन. मी पडून होते त्या दोन दिवसांत शिवला असणार. ज्या ब्लाउजासाठी मी हे सगळं करून ठेवलं, तो तयार होता. मी बघत होते आणि बाह्यांवरची जर काळी पडत गेली.

अडीचच्या स्वारगेट बसनं तुम्ही गेलात. दोन पिशव्या, कपाळाला पदर दाबलेला. मी ओट्यावर होते. बस वळेपर्यंत तुम्ही मागे बघितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्या मुली टुणटुणीत बऱ्या झाल्या, गावानं देवऋषीला नारळ आणि धोतरजोडी दिली. माझा हात बरा व्हायला तीन आठवडे लागले. लग्नात चुलतबहिणीनं शहरातल्या टेलरकडचा ब्लाउज घातला. दंडाला रुतत होता, फोटोत दिसतं.

नंतर मी शिवत राहिले. तुम्ही दिलेली कात्री माझ्याकडेच राहिली होती. लग्न झाल्यावर एकदा पेठेतल्या त्या दोऱ्यांच्या दुकानात गेले, तर तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी माझं कात्रण पाहिलं, चिठ्ठी-टाचणीसकट, आणि म्हणाले, 'अशी एकच बाई आणायची.' त्यांच्याकडून कळलं, तुम्ही कात्रजला असता, शाळेचे गणवेश शिवता. मी गेले, बाई. पर्समध्ये कात्री घेऊन गेले. डेअरीच्या स्टॉपला उतरले, विचारत विचारत गल्लीत आले. दाराला छापील पडदा, बाहेर पाटी, 'येथे गणवेश शिवून मिळतील.' आत मशीन चालू होतं. तुमची लय मी कुठेही ओळखली असती, लांब टीप, थांबा, दोन छोट्या. मी पडद्यापाशी उभी राहिले. टीप संपली की हाक मारायची, असं ठरवलं. टीप संपली, दुसरी सुरू झाली, तिसरी झाली. मग एक आई मुलाला घेऊन आली आणि मला म्हणाली, 'तुमचा नंबर आधी आहे का?' मी म्हटलं, 'नाही, तुम्ही जा.' आणि परत फिरले. पुढच्या वर्षी दुकानात गेले तर मालक म्हणाले, तुम्ही वारलात. त्याला आता पंधराएक वर्षं होत आली.

हे सगळं आज का, तर परवा दुपारी लेक माझ्याजवळ बसली होती. बारा मुलींच्या बारा मापांच्या चिठ्ठ्या करायच्या होत्या. मला आता जवळचं धूसर दिसतं, म्हणून म्हटलं, तू लिही. ती लिहीत होती, जीभ बाहेर काढून, एकेक नाव वळणदार. मी टाचण्या लावत होते. मध्येच तिनं कात्री मागितली आणि मी ती टेबलावर ठेवली. 'हातात दे ना, ममा. सीरियसली? तू हे मानतेस?' मी म्हटलं, सवय. मग तिनं विचारलं, 'पण ममा, असं खरंच करतात का मुली? म्हणजे आम्हाला प्रॅक्टिसला हसूच येतं.'

मला वाटलं, आलीच वेळ. घरात दुसरं कुणी नाही, दुपार आहे, तुमच्यासारखंच एकीनं समोर बसून विचारलंय. मी म्हटलं, 'आमच्या शिवणाच्या क्लासात एक मुलगी होती.' एवढं तोंडातून गेलं आणि पुढचं त्याच्यामागून आपोआप आलं. त्या मुलीनं बाह्या चुकीच्या कापल्या, ती मुलगी पडली, त्या मुलीनं चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. सगळं सांगितलं, कुरडयांसकट. लेक लिहायची थांबली होती. 'मग देवळापुढे तिनं काय केलं?' मी म्हटलं, 'गप्प बसली.' 'काहीच नाही बोलली?' 'काहीच नाही.' लेकीचे डोळे भरून आले. 'शी! किती घाणेरडी मुलगी. तू नंतर बोलायचीस तिच्याशी?' मी म्हटलं, 'फारसं नाही.' ती हातातल्या चिठ्ठीकडे बघत म्हणाली, 'माझाही शेवटच्या सीनला डायलॉग नाहीये. त्या बाईला घेऊन जातात आणि मी नुसती उभी असते.' मग तिनं उरलेली नावं लिहून काढली. आणि मी इतकी निगरगट्ट, की तिचे डोळे पुसून तिला पोहे करून दिले.

तिला खरं सांगायला हवं, हे मला कळतं. उद्या प्रयोग आहे. आज सांगितलं तर ती उद्या स्टेजवर कशी उभी राहील, असं म्हणून मी पुढे ढकलते आहे, आणि परवाही काहीतरी निघेलच. तुम्ही म्हणाला होतात, वाढतं ते. हे पत्र कुठे पाठवणार? गल्ली आठवते, पण त्या दारात आता कोण असेल कुणास ठाऊक. घडी घालून कात्रणांच्या डब्यात ठेवीन, लेकीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांखाली. तो डबा या घरात माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

फक्त एक दुरुस्ती. वर मी लिहिलंय की मी गप्प बसले. लेकीलाही तेच सांगितलं. इतकी वर्षं मी मलाही तेच सांगत आले आहे. तसं झालं नव्हतं. काकांनी एक चिठ्ठी उचलून माझ्यासमोर धरली आणि सगळ्यांदेखत विचारलं, 'हे अक्षर कुणाचं?' तुम्ही सांगू शकला असतात. माझ्या शाळेच्या वह्या घरात होत्या, ताडून बघता आलं असतं. पण तुम्ही ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिलात, बाह्या समोर ठेवून बघितलं होतंत तसंच, आता तोंड कुणी उघडायचं ते मला ठाऊक असल्यासारखं. मी उघडलं, बाई. 'बाईंचं,' म्हणाले.